आठ टॅपेट आणि एक जीभ

इंजिन एकोणिसाव्या मिनिटाला मेलं. वीस मिनिटं चालायचं होतं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. इंजिन जिवंत आहे. खरं तर अजून जन्मलेलंही नाही. गुरुवारची दुपार आहे. इंजिनाचा धडाचा भाग गॅरेजच्या मधोमध लोखंडी स्टँडवर टांगलाय, वरचा भाग, म्हणजे हेड, लेथवाल्याकडे गेलंय, आणि बबडी त्या धडात कोपरापर्यंत हात घालून उभी आहे. सगळं कसं उत्तम चाललंय.

बबडीचं खरं नाव बबडी नव्हतं. पण काकांनी ती सहा महिन्यांची असताना ठेवलं आणि नंतर काढायचं राहून गेलं. काकांच्या घरात काही काढून टाकायची पद्धतच नव्हती. आता तिचं वय सव्वीस वर्षं, अकरा महिने आणि पंचवीस दिवस होतं. एवढा काटेकोर हिशेब ठेवायला कारण होतं. शहराबाहेर शर्यतीच्या गाड्यांचा एक इंजिनखाना होता. तिथं वर्षातून एकदा एकच माणूस घ्यायचे. अटी दोन. एक, उमेदवारानं स्वतःच्या हातांनी एखाद्या जुन्या इंजिनाची ताकद वाढवून ते चालू अवस्थेत शनिवारी सकाळी दहा वाजता अंगणात हजर करायचं. दोन, वय सत्तावीस पूर्ण नसावं. बबडीला सत्तावीस मंगळवारी पूर्ण होणार होती. म्हणजे हा शनिवार नाहीतर कुठलाच नाही. आणि कुठलाच नाही, तर मग जन्मभर काकांचं गॅरेज.

गॅरेज तसं वाईट नव्हतं. छप्पर गळत नव्हतं, अवजारं जागच्या जागी होती, गिऱ्हाईक यायचं. वाईट होती ती काकांची जीभ.

लोकांची जीभ वाईट असते ती शिव्यांमुळे. काका कुणाला अरे-तुरेही करत नसत. त्यांची जीभ हे मोजमापाचं हत्यार होतं. एखाद्या भागावर बारीक खड्डा आहे का, चीर आहे का, हे दुसरे मेकॅनिक नखानं बघतात, भिंगातून बघतात, लेथवाला तर काटा फिरणारं यंत्र लावतो. काका चाटून बघत. आधी पुढची कवळी काढायची ("दात मध्ये येतात गं"), ती नटबोल्टांच्या ताटलीत ठेवायची, जीभ चिंधीला पुसायची, आणि मग तो भाग सावकाश, डोळे मिटून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाटायचा. मग थुंकायचं. मग निकाल.

"जिभेइतकं बारीक गेज जगात नाही," काका म्हणत. "दातात तंतू अडकला तर तुला तो दोरखंडाएवढा वाटतो की नाही? मग?"

वीस वर्षांपूर्वी लेथवाल्याच्या यंत्रानं पास केलेल्या एका ट्रकच्या हेडमध्ये काकांच्या जिभेनं केसाएवढी चीर पकडली होती. तेव्हापासून लोक लांबून हेड घेऊन यायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग, काकांनी काही म्हणून सोडलं नव्हतं. रेडिएटरचं पाणी बोट बुडवून चाखत आणि त्यात तेल उतरलंय की नाही ते सांगत. काकूंनी त्यांचा कप पंधरा वर्षांपूर्वीच वेगळा केला होता आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधला होता, विषाच्या बाटलीला बांधावा तसा. बबडी तर काकांनी हात लावलेला पानासुद्धा रॉकेलमध्ये बुडवल्याशिवाय उचलत नसे. इंजिनखान्यात जायचं ते नाव कमवायला, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं कारण असं की तिथं माणसं यंत्रानं मोजत होती.

गुरुवारी वाद झाला तो नवं-जुनं ह्यावरून.

बबडीनं इंजिनाला नवा कॅम आणला होता. कॅम म्हणजे आत फिरणारा एक दांडा, त्यावर अंड्याच्या टोकासारखे आठ उंचवटे. प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट उभा असतो: अंगठ्याएवढा पोलादी ठोकळा. उंचवटा टॅपेटखाली आला की टॅपेट वर जातो, एका सळीला ढकलतो, सळी व्हॉल्व्ह उघडते, आणि इंजिन श्वास घेतं. बबडीच्या नव्या कॅमचे उंचवटे जास्त उंच होते. म्हणजे मोठा श्वास, जास्त ताकद. व्हॉल्व्ह मिटणाऱ्या स्प्रिंगाही तिनं दुप्पट कडक आणल्या होत्या. सळ्या मात्र जुन्याच ठेवल्या. काचेवर लोळवून बघितल्या, सरळ होत्या. ती काही उधळी नव्हती. पण टॅपेट आठच्या आठ नवे.

"चांगले टॅपेट काढून ठेवलेस," काका म्हणाले. जुने आठ टॅपेट अंड्यांच्या पुठ्ठ्यात मांडलेले होते, प्रत्येकावर रंगाचे ठिपके: एक, दोन, तीन, आठपर्यंत. "अगं, घरात नवी सून आली म्हणून काय सासू, दीर, नणंद सगळे नवे आणायचे?"

"काका, जुना टॅपेट नव्या कॅमला खातो."

"सासू खाते का सुनेला?"

"खाते," स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या. ती खिडकी गॅरेजमध्येच उघडायची.

"तुम्ही गप्प बसा हो," काका म्हणाले.

बबडीनं एक नवा टॅपेट आणि एक जुना शेजारी धरले. "हे बघा. लांबूनच बघा. तळ सपाट दिसतो, पण नव्याचा तळ किंचित फुगीर आहे. म्हणून तो वरखाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. जुन्याचा तळ घासून खोल गेलाय. तो आता फक्त त्याच्या जुन्या उंचवट्यावरच नीट बसेल, तोही त्याच्याच नंबरच्या जागी. नव्या कॅमवर फिरणारच नाही. एका जागी उभा राहून घासत बसेल. दुसऱ्याची कवळी लावून जेवायला बसल्यासारखं."

काकांनी आपल्या कवळीला हात लावला. त्यांना उदाहरण पोचलं, पण पटलं नाही.

"दे इकडं," ते म्हणाले आणि ताटलीकडे वळले.

"चाटायचं नाही!"

"बघतो नुसतं."

"तुमचं बघणं मला माहितीये!"

बबडीनं नवे आठही टॅपेट ग्रीस लावून त्यांच्या भोकांत सोडले, जुन्यांचा पुठ्ठा फळीवर ठेवला, आणि इंजिनावर चादर टाकली. चादरीवर खडूनं लिहिलं: 'हात लावू नये. जीभही.'

शुक्रवारी सकाळी ती लेथवाल्याकडे हेड आणायला गेली. लेथवाला माणूस सज्जन होता, पण स्प्रिंगची उंची एकदा मोजून त्याचं समाधान होत नसे. पूर्ण दाबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकतात का, हे त्यानं तीनदा मोजलं, चौथ्यांदा बबडीला मोजायला लावलं, आणि दोघांचं उत्तर सारखं आलं म्हणून त्याला संशय आला. परतेपर्यंत बारा वाजले.

चादर घडी घालून बाजूला ठेवलेली होती. घडी फार व्यवस्थित होती. अपराधी माणूस घडी नेहमी व्यवस्थित घालतो.

इंजिनाच्या आठही भोकांमध्ये ग्रीस होतं. होतं म्हणजे काठोकाठ. बबडीनं लावलं होतं ते बोटाच्या टोकावर मावेल एवढं. हे आइस्क्रीमच्या कोनासारखं वर आलेलं, आणि प्रत्येक कोनाला छान फिरवून टोक काढलेलं. तिसऱ्या भोकातल्या ग्रीसमध्ये एक पांढरा केस उभा होता. मिशीचा.

बबडी एक पाऊल मागे सरकली.

"काका, हे काय?"

"ग्रीस लावलं गं जरा. कोरडं कोरडं दिसत होतं."

"हात धुतले होते?"

"हातानं नाही लावलं," काका म्हणाले.

पुढचा प्रश्न विचारायचा नाही, असं बबडीनं ठरवलं. माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे असतात की उत्तर मिळालं तर ते घेऊन जगावं लागतं.

आता इथं एक नियम सांगायला हवा. हेड बसवण्याआधी प्रत्येक टॅपेट दोन बोटांत धरायचा, उचलायचा, जागच्या जागी फिरवून बघायचा. सहज फिरला तरच पुढे जायचं. हा नियम बबडीला काकांनीच शिकवला होता, ती अकरा वर्षांची असताना, आणि गेल्या सोळा वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. शुक्रवारी बारा वाजून दहा मिनिटांनी तिनं त्या आठ शेंड्यांकडे बघितलं, बोट पुढे केलं, बोटानं नकार दिला. मग तिनं लांब चोचीच्या पकडीनं तो केस उपटला, पकड रॉकेलच्या डब्यात टाकली, तोंड भिंतीकडे करून सळ्या सोडल्या, आणि हेड वर ठेवलं. मनाशी म्हणाली, कालच तर फिरवून बघितलेत. ग्रीस जास्त झालं म्हणून कुठलं इंजिन मेलंय?

ते खरं होतं. ग्रीसनं कधीच कुठलं इंजिन मेलं नाही.

दुपारी चार वाजता सगळं जोडून झालं. नव्या कॅमचं पहिलं चालवणं नाजूक असतं. वीस मिनिटं, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर. कमी नाही, कारण कमी वेगात कॅमवर तेल उडत नाही. ह्या वीस मिनिटांत कॅम आणि टॅपेट एकमेकांशी जन्मभराचं जुळवून घेतात किंवा घेत नाहीत. काकू स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं घड्याळ घेऊन आल्या, वीसवर फिरवलं आणि स्टुलावर बसल्या. काका भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी आंघोळ केली होती, शर्ट बदलला होता. अशा दिवशी ते बदलत.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

बबडीला आजवर काकांच्या गॅरेजमध्ये एवढा सुंदर आवाज ऐकल्याचं आठवत नव्हतं. रुंद, भरदार, पोटातून येणारा. पाच मिनिटं. आठ. अकरा. काकू म्हणाल्या, "बाई गं, हे तर गातंय." बबडी डोळे मिटून ऐकत होती आणि मनातल्या मनात इंजिनखान्याचं अंगण झाडत होती.

चौदाव्या मिनिटाला टक्. मग टक् टक्. कुणी दारावर नखानं वाजवावं तसं.

"बसतंय गं," काका म्हणाले. "नवीन आहे. बसतंय."

सोळाव्या मिनिटाला टकटक थांबली. हे जास्त वाईट होतं, पण बबडीला बरं वाटलं. सतराव्याला इंजिन खोकलं. अठराव्याला कार्बोरेटरमधून ज्वाळेचा एक फुगा बाहेर आला, काकांच्या धुतलेल्या शर्टाकडे बघून परत गेला. एकोणिसाव्याला इंजिन म्हातारा खुर्चीत बसावा तसं 'हंऽऽ' करून बसलं आणि थांबलं.

मिनिटभरानं काकूंचं घड्याळ वाजलं. त्यांनी ते पोटाशी धरून वाजू दिलं.

बबडीनं खालचा बोल्ट काढून तेल थाळ्यात सोडलं. तेल चंदेरी होतं. इतकं चमकत होतं की कुणालाही वाटावं हे चेहऱ्याला लावायचं काहीतरी आहे. ती चमक म्हणजे नवा कॅम होता. उंचवट्यांवरून निघून, बारीक दळून, तेलात कालवलेला. तिनं हेड काढलं, तिसऱ्या भोकात चुंबक घातलं आणि टॅपेट वर ओढला. ह्या वेळी तिनं तो बोटांनी पुसला.

काळा असायला हवा होता. नव्या टॅपेटांना काळपट, खरखरीत मुलामा असतो. हा गुळगुळीत, लखलखीत होता. तळाशी खोल गेलेला. जुना.

"काका."

काका वर छपराकडे बघत होते.

"काका, माझे नवे टॅपेट कुठायत?"

काकांनी खिशातून रुमाल काढला. त्या रुमालाबद्दल न बोललेलं बरं. तो उलगडला, तेव्हा त्यात सात नवे टॅपेट होते, एकमेकांना आणि रुमालाला चिकटलेले.

"जपून ठेवलेत," काका म्हणाले. "परत करता येतील. सगळे खराब निघाले गं. आठच्या आठ. एकेक चाटून बघितला. खरखरीत! कपड्याच्या ब्रशसारखे! आणि तुझे जुने बघितले तर काचेसारखे. म्हटलं, पोरीला दुकानदारानं फसवलं."

"खरखरीतच असतात ते!" बबडी ओरडली. "तो मुलामा आहे, मुद्दाम खरखरीत ठेवतात! त्या खरखरीत तेल धरून राहतं! पहिली वीस मिनिटं! त्यासाठीच!"

"असं होय," काका म्हणाले. "आमच्या वेळी गुळगुळीत यायचे."

"आठवा कुठाय?"

काकांनी तोंडातून काढला. विडीसारखा एका कोपऱ्यात धरला होता. "परत एकदा बघत होतो," ते म्हणाले. "म्हटलं, एखादा तरी चांगला असेल."

बबडी मागच्या दारात जाऊन ओकली. काकूंनी पाठीवरून हात फिरवला आणि तांब्याभर पाणी दिलं. ओकून आल्यावर माणसाचं डोकं चालतं. बबडी म्हणाली, "जुना कॅम आहे. जुने टॅपेट आहेत. नवी ताकद गेली खड्ड्यात, पण स्प्रिंगा, हेड, बाकीचं काम तरी ऐकवता येईल. जुन्या कॅमवर जुने टॅपेट आपापल्या जागी बसले तर इंजिन निदान चालेल. ठिपक्यांवरून नंबर लावते. रात्रीपर्यंत धुऊन जोडते."

काका पुन्हा छपराकडे बघायला लागले. छपरावर काहीच नव्हतं.

"ठिपके होय," ते म्हणाले. "ते डाग वाटले गं. पुसले."

"पुसले?"

"म्हणजे, आधी पेट्रोलनं."

"मग भोकांत कुठल्या क्रमानं घातलेत?"

इथं काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा अभिमान आला. "गुणानुक्रमे," ते म्हणाले. "सगळ्यात गुळगुळीत पहिल्या नंबरला. मग दुसरा. असं आठपर्यंत. सातवा जरा कच्चा होता, पण पास केला."

बबडी उलट्या बादलीवर बसली. इंजिनांच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात टॅपेटांची परीक्षा घेऊन गुणवत्ता यादी लावणारा पहिला माणूस आपला सख्खा काका असावा, हे तिला हळूहळू पचत गेलं. पचलं म्हणजे पुन्हा वर आलं, पण ह्या वेळी तिनं गिळलं. आता कुठला टॅपेट कुठल्या उंचवट्याचा हे काकांच्या जिभेलाही सांगता येणार नव्हतं. तिनं तसं विचारलंही, निर्लज्जपणे. काकांनी प्रामाणिकपणे मान हलवली.

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," काका म्हणाले. "मी काय लपवलं नव्हतं. तू बघायच्या आधी तोंड फिरवलंस."

ते शंभर टक्के खरं होतं.

"का पण?" ती म्हणाली. "चादरीवर लिहिलं होतं मी."

काकांनी ताटलीतली कवळी उचलली, नटांवर झटकली आणि लावली. दात लावल्याशिवाय ते मनातलं बोलत नसत. "तू तिकडं जाणार," ते म्हणाले. "तिथं सगळी यंत्रं. तुझं काम कुणी चाटून बघणार नाही. म्हटलं शेवटचं एकदा आपण नीट बघून द्यावं."

ह्याचीच बबडीला सगळ्यात जास्त किळस आली. रुमालापेक्षा, केसापेक्षा, विडीसारख्या धरलेल्या टॅपेटापेक्षा. कारण आता धड ओरडताही येईना.

शनिवारी सकाळी दहा वाजता ती इंजिनखान्याच्या अंगणात उभी होती. इतर सहा जणांनी ढकलगाड्यांवर इंजिनं आणली होती. बबडीच्या हातात कापडी पिशवी होती. इंजिनखान्याच्या प्रमुख बाई ठेंगण्या, कान मोठे, आणि बोलताना समोरच्याच्या छातीकडे बघत, तिथं काही वाजतंय का अशा नजरेनं.

"इंजिन?"

"मेलं." बबडीनं पिशवीतून कॅम आणि टॅपेट काढून दिले आणि सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. रुमालही नाही.

प्रमुख बाईंनी कॅमच्या चपट्या झालेल्या उंचवट्यावरून अंगठा फिरवला. "स्प्रिंगा कडक, टॅपेट जुने, शिवाय चुकीच्या जागी. एकोणीस मिनिटं चाललं हेच जास्त झालं. जोडणी चांगली असणार तुमची." मग वर बघितलं. "पण हेड ठेवायच्या आधी टॅपेट फिरवून बघतात."

"हो."

"का नाही बघितले?"

बबडीनं सोळा वर्षांचा विचार केला. काकांवर ढकलता आलं असतं. सगळं जगच त्यांच्यावर ढकलण्याच्या लायकीचं होतं.

"किळस आली," ती म्हणाली.

बाईंनी फॉर्मवरच्या 'नाकारण्याचं कारण' ह्या रकान्यात तो एक शब्द लिहिला. अक्षर सुंदर होतं. "मागच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या, "मी एका एअर फिल्टरमधून उंदराचं अख्खं कुटुंब काढलं. पिल्लांसकट. हातानं."

"हातमोजे नव्हते?"

"फाटले होते." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुमचा काका घाणेरडा आहे, पण तो प्रत्येक भागाला भिडतो. तुम्ही भिडला नाहीत. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी चालणार नाही. मंगळवारी सत्तावीस पूर्ण होतात."

"मग लेखी द्या. इथं काहीही लेखी देता येतं."

"मंजूर होतं?"

"देता येतं, एवढंच म्हटलं मी."

दुपारी गॅरेजमध्ये अर्ज लिहायला तिघं बसली. काकूंनी कोरा कागद आणला. काकांना कागदापासून दोन हात लांब बसवलं. काकूंचं म्हणणं, रडका सूर नको. सरकारी लिहायचं, म्हणजे निदान वाचतील तरी. काकांनी एकच दुरुस्ती सुचवली आणि बबडीनं ती घेतली. तिनं अर्ज लिहायच्या आधी पिशवीतले आठही टॅपेट एकेक करून उघड्या हातांनी उचलले, पुसले, प्रत्येकाच्या तळावरून अंगठा फिरवला. अंगावर काटा आला. येऊ दिला. मग हात न धुता पेन उचललं.

प्रति,
माननीय प्रमुख, इंजिनखाना.

विषय: अर्जदाराचे सरत आलेले वय पुन्हा वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

अर्जदार येत्या मंगळवारी सत्तावीस वर्षे पूर्ण करीत असून, आपल्या नियमानुसार त्या दिवशी बाद होत आहे. सदर शेवटच्या वर्षाची अर्जदाराने स्वतः तपासणी केली असता त्यात चीर, खड्डा अथवा अतिरिक्त झीज आढळून आलेली नाही. एकूण तीनशे पासष्ट दिवसांपैकी फक्त एक दिवस (शुक्रवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनंतरचा) खराब झाला असून, तो अर्जदाराच्या स्वतःच्या चुकीने झाला आहे; त्याचा दोष अन्य कोणत्याही नातेवाइकाकडे नाही. अर्जदाराच्या काकांनी आपल्या उर्वरित वयातून एक चांगला दिवस बदली देण्याची लेखी तयारी दर्शविली असून त्यांची सही सोबत आहे.

तरी अर्जदाराचे हे वर्ष काढून न टाकता, वरील एक दिवस बदलून, बाकीचे मूळ क्रमाने व मूळ जागी पुन्हा बसविण्याची परवानगी द्यावी, आणि तोपर्यंत संबंधित खात्यास कळवून मंगळवार स्थगित ठेवावा, ही नम्र विनंती.